देवीच्या वळणावरचा यू-टर्न

पेढवाडी मागे पडली, घाटाची पहिली चढण लागली आणि मागून हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब. मागे वळून बघायची गरज नव्हती. बापूची जीप होती.

रंगरावांनी आरशात पाहिलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, पण गाडी हळूच डावीकडे दबली आणि जीपला वाट मिळाली. बापू एका हातानं स्टिअरिंग धरून, दुसरा हात खिडकीबाहेर काढून हलवत पुढे निघून गेला. जीपमध्ये माणसं कोंबलेली, मागच्या दाराला दोघं लोंबकळलेले. त्यातली निम्मी आमच्याच स्टँडवरून उचललेली. दुसऱ्या कुठल्या वडापवाल्यानं, म्हणजे चोरून सवाऱ्या भरणाऱ्या जीपवाल्यानं, एसटीची माणसं अशी पळवली असती तर रंगरावांनी त्याला अख्ख्या घाटात बाजू दिली नसती. पण बापू त्यांचा धाकटा भाऊ होता, आणि त्याच्यावर वडापची जीप हाकायची पाळी का आली हे आगारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मी कंडक्टरच्या जागेवर बसून हे बघत होतो. बोलायची सोयच नव्हती. रंगराव शेवाळे ड्रायव्हर आणि मी सदाशिव कुंभार कंडक्टर, एकाच गाडीवर आठ महिने ड्युटी करत होतो, मुक्कामाला एकाच गाडीत झोपत होतो, आणि या आठ महिन्यांत ते माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते.

कारण मी यू-टर्न होतो.

हा शब्द आमच्या आगारात आला तो घाटातल्या पाटीवरून. वाकडा बाण आणि त्यावर तांबडी तिरकी रेघ. ट्रेनिंगला साहेब सांगायचे, आलो त्याच रस्त्यानं उलट तोंड करून निघायचं म्हणजे यू-टर्न, आणि घाटात तो मारायचा नाही. आपल्या भाषेत घूमजाव असा चांगला ठसकेबाज शब्द आहे, पण इंग्रजी चावल्याशिवाय आगाराला टोमणा मारल्याचं समाधान मिळत नसावं. मग पेपरात अमुक पुढाऱ्यानं यू-टर्न घेतला असं छापून यायला लागलं आणि शब्दाला दुसरं तोंड फुटलं. गाडीवाला यू-टर्न मारतो आणि पुढारी यू-टर्न घेतो, एवढा बारकावा आमच्या हमालांनासुद्धा कळायला लागला. चहा सांगून कुणी कॉफी मागितली की यू-टर्न. रुसून माहेरी गेलेली बायको आपली आपण परत आली की तिनं घेतला यू-टर्न. आणि संपात कामावर हजर झालेला मी, म्हणजे तर हाडामांसाचा यू-टर्न. आईबापांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

संपाचं थोडक्यात सांगतो. मीही गेटवर शपथ घेतली होती, मूठ आवळून. पहिले पंधरा दिवस घसा फुटेस्तोवर घोषणाही दिल्या. मग माझ्या लक्षात आलं की आपण हरलोय. पुढारी आतून तडजोडीला लागले होते, आणि बदली कामगारांना, म्हणजे कायम न झालेल्या पोरांना, हजर व्हायची शेवटची तारीख लागली होती. मी गेटसभेत उभा राहून सांगितलं की आता शहाणपणानं आत जाऊ, नाहीतर ही पोरं मरतील. लोकांनी मला खाली खेचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा आत गेलो. चार दिवसांनी संप मागे घेतला गेला. कायमचे सगळे परत आले, रंगरावही आले. बदली पोरं मात्र गेली ती गेलीच. त्यात वर्कशॉपमधला बापू होता.

माझं बरोबर ठरलं म्हणून कुणी मला हार घालेल अशी माझी अपेक्षा नव्हती. पण बरोबर ठरलेल्या माणसाचा लोकांना जास्तच राग येतो, हे मला तेव्हा नव्यानं कळलं. माझ्याबरोबर ड्युटी करायला एकेक ड्रायव्हर नकार देऊ लागला. रंगरावांनी तेवढा दिला नाही. आयुष्यात त्यांनी लावलेली ड्युटी कधी नाकारली नव्हती. त्यांनी फक्त बोलणं बंद केलं.

आता ड्रायव्हर-कंडक्टर अबोला धरून गाडी चालते का? चालते. एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल. गाडी ड्रायव्हरची असली तरी बेल कंडक्टरची, आणि डबल बेल झाल्याशिवाय रंगरावांनी कधी गाडी जागची हलवली नव्हती, मग समोर खुद्द डेपो मॅनेजर हात दाखवत उभा असो. तेवढ्या एका दोरीवर आमचा संसार चालला होता. अडचण यायची ती गाडी मागे घेताना. कंडक्टर मागे उभा राहून पत्र्यावर थाप मारत राहतो. थाप चालू आहे तोवर ड्रायव्हर येत राहतो, थाप थांबली की ब्रेक. रंगरावांनी माझी थाप घेणं सोडलं होतं. मी मागे उतरलो की ते मुद्दाम थांबायचे, मी वर चढलो की आरशात बघून स्वतःच गाडी मागे घ्यायचे. मला ते चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखं लागायचं.

आणि तसंही गाडी मागे घेणं हा त्यांचा विषयच नव्हता. घाटात झाड आडवं पडलं तर बाकीच्या गाड्या वळून जायच्या, रंगराव झाड तोडून होईपर्यंत इंजिन बंद करून बसून राहायचे. पुलावर पाणी आलं तर अलीकडे मुक्काम करायचे. रंगरावांची गाडी मागे फिरत नाही, हे घाटातल्या टपरीवाल्यांनासुद्धा पाठ होतं. आणि त्यांना त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोला.

तर ती डिसेंबरातली सकाळ. देवीच्या वळणाच्या अलीकडे मी तिकिटं संपवून पुढच्या खिडकीशी आलो. वरच्या डोंगरावर धुकं होतं. त्यात नवल नव्हतं, थंडीत रोजच असतं. पण ऊन चढलं की आमच्या घाटातलं धुकं वर वर सरकत विरून जातं. हे खाली उतरत होतं. पांढरंशुभ्र, जड, रस्त्यावरून लोळत यावं तसं.

देवीच्या वळणावर रस्ता जरा रुंद आहे. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला डोंगर, डोंगरात देवीचं कोनाड्याएवढं देऊळ. तिथे समोरून एक माणूस धावत आला. धावत म्हणजे आंधळ्यासारखा, दोन्ही हात पुढे करून. तो गाडीच्या तोंडालाच धडकायचा. रंगरावांनी गाडी थांबवली, मी उडी मारून त्याला धरलं. डोळे बंद, गाल भिजलेले, तोंडातून फेस. आणि अंगाला वास असा की माझ्याच नाकात कुणी सुया खुपसल्या असं वाटलं.

"टँकर पलटी," तो म्हणाला. "अमोनिया. ऊपर मत जाओ. कपडा गीला करो, कपडा."

मी त्याला उचलून गाडीत आणलं. तेवढ्यात रंगरावांनी त्याची मान धरून विचारलं होतं, जीप दिसली का, निळी जीप. त्याला काही दिसलंच नव्हतं. तो फक्त मान हलवत राहिला.

गाडीत एकदम कालवा झाला. मी ओरडून सगळ्यांना गप्प केलं. चालता येतं त्यांनी खाली उतरा, तोंडाला ओलं फडकं बांधा आणि आल्या वाटेनं खाली चालू लागा, गाडी वळली की तुम्हाला वाटेत घेते, असं सांगितलं. पाण्याचा कॅन उघडून दिला. माणसं भराभर उतरली. उतरता उतरता टाय लावलेला एक औषधविक्या मागे वळून ओरडला, "ड्रायव्हर, बघताय काय, यू-टर्न मारा की."

साधा शब्द. त्या बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण रंगरावांची मान ताठ झालेली मी बघितली.

गाडीत आता चालता न येणारे तेवढे उरले. एक ओली बाळंतीण, मांडीवर पंधरा दिवसांचं पोर, शेजारी तिची आई सरूबाई. पाय प्लास्टरमध्ये असलेला एक म्हातारा. आणि मधल्या वाटेत आडवा पडलेला टँकरवाला. रंगराव हॉर्नवर हात दाबून बसले होते. हॉर्न डोंगरात घुमत होता. वरून उत्तर येत नव्हतं.

मग त्यांनी हॉर्न सोडला.

"बेल दे," ते म्हणाले.

आठ महिन्यांनी माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द.

"कुठं जायला?" मी विचारलं.

"म्होरं. बापू हाय वर."

"रंगराव, गाडीत बाळंतीण आहे."

"त्यास्नी उतरव. मी रिकामी गाडी घिऊन जातो."

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. बाळंतिणीला अजून धड उभं राहता येत नव्हतं, म्हाताऱ्याला पाऊल टाकता येत नव्हतं, टँकरवाला तर शुद्धीवर नव्हता. यांना घाट उतरवून नेणार कोण? मला गाडी येत नाही. धुकं तासाभरात नाही, आत्ता येतंय. वर इंजिनाला हवा मिळाली नाही तर गाडी तिथेच बंद पडेल आणि मग बापूही नाही आणि तुम्हीही नाही. ते सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी गिअर टाकला, क्लच दाबून धरला आणि आरशातून माझ्या हातातल्या दोरीकडे बघत राहिले.

"तुला काय त्याचं," ते म्हणाले. "तुला फिरायची सवय हाय."

मी दोरी सोडून दिली आणि दोन्ही हात खाली घेतले.

"बेल न्हाई देत?"

"नाही देत."

त्यांना बेलची गरज नव्हती. पाय उचलला असता तर गाडी निघाली असती, मी काय करणार होतो? पण त्यांचा पाय उचलत नव्हता. इंजिन गुरगुरत होतं, अख्खी गाडी थरथरत होती. पुढच्या काचेतून दिसत होतं, ते पांढरं डोंगराच्या घळीतून आमच्या बाजूला वाहायला लागलं होतं.

रंगराव समोर बघतच बोलले. आवाज अगदी हलका झाला होता, शेजाऱ्याला सांगावं तसा.

"तू हजर झालास त्या दिवशी बापू तुज्या मागनं आला हुता. गेटात. एक पाय आत टाकलावता त्यानं. मी हाक मारली. बाप्या, म्हटलं, निस्तं बाप्या. तसा फिरला माघारी." ते थांबले. "माज्या शबुदावर त्यो त्या दिवशी माघारी फिरला आन नोकरीला मुकला. आज त्याला म्होरं सोडून मी फिरू व्हय रं?"

हे मी बघितलं होतं. मी तेव्हा गेटच्या आत उभा होतो, बापूचा पाय आणि रंगरावांचा चेहरा दोन्ही मला दिसले होते. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून बापूची नोकरी परत येणार नव्हती, भावाभावांत मात्र विस्तव पडला असता.

"फिरा," मी म्हणालो. "बापूला मी आणतो. पण आधी हे पाच जीव."

"तू आणतोस?"

"गाडी वळली की मी वर जातो. पायवाटेनं. तुम्ही ह्यांना घेऊन खाली जा. शब्द देतो."

माझ्या शब्दाची आगारात काय किंमत होती ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. तेवढ्यात मागे पोर रडायला लागलं. रडणं म्हणजे सरळ रडणं नव्हे, श्वास अडकून मधेच तुटणारं. सरूबाईनं विनवणी केली नाही. तिनं फक्त आपला ओला पदर लेकराच्या तोंडावर धरला आणि आरशात रंगरावांकडे बघितलं.

रंगरावांनी गिअर काढला.

"मागं जा," ते मला म्हणाले. "थाप मार."

ज्यानं कधी घाटात एसटी वळवलेली बघितली नाही त्याला सांगतो, हा यू-टर्न इंग्रजी अक्षरासारखा गोल नसतो. रस्ता गाडीच्या लांबीपेक्षा जेमतेम हातभर जास्त. आधी नाक डोंगराकडे घालायचं, मग शेपूट दरीवर काढायचं, पुन्हा नाक, पुन्हा शेपूट, असं कणाकणानं उलटं व्हायचं. मागची चाकं शेपटाच्या बरीच पुढे असतात, त्यामुळे गाडीची मागची बाजू दरीवर अधांतरी जाते आणि ड्रायव्हरला आरशात फक्त आभाळ दिसतं. चाक कुठे आहे हे एकट्या कंडक्टरला दिसतं. आणि त्या जागी कठड्याचे दगड गेल्या पावसातच दरीत गेले होते.

मी तोंडाला ओला रुमाल बांधून मागच्या चाकाजवळ उभा राहिलो. माझ्या पाठीशी दोन पावलांवर रस्ता संपत होता. गाडीचं नाक देवीच्या देवळाला टेकेल इतकं पुढे गेलं, थांबलं, आणि मी पत्र्यावर पहिली थाप मारली.

गाडी हलली नाही.

मी पुन्हा मारली. जोरात, सलग. वास आता माझ्यापर्यंत पोचला होता, डोळ्यांतून धार लागली होती. मनात म्हटलं, आता हा माणूस आरशात बघून गाडी घेतो की काय. घेतली असती तर संपलं होतं. मग इंजिनाचा आवाज बदलला आणि गाडी माझ्या थापेबरोबर मागे यायला लागली. थाप, थाप, थाप. चाक खडीवर आलं. मी हात उचलला. त्या क्षणाला ब्रेक.

पुन्हा नाक डोंगराकडे, पुन्हा शेपूट. दुसऱ्या वेळी अर्धं काम झालं. तिसऱ्या वेळी मला दिसलं की आता एकदा जरा जास्त मागे आलं तर नाक डोंगरातून सुटेल, नाहीतर आणखी एक फेरा लागेल. तेवढा वेळ नव्हता. पांढरा लोट रस्त्यावरून वाहत देवळाच्या पायरीपर्यंत आला होता. मी थाप मारत राहिलो. मागच्या दोन जोडचाकांतलं बाहेरचं चाक काठावर आलं. काठाची माती सुटली आणि खडे खाली गेले, त्यांचा आवाज आला नाही. मी थाप मारत राहिलो. बाहेरचं चाक अर्धं हवेत गेलं. आतून बाळंतीण किंचाळली. रंगराव नक्की थांबणार असं मला वाटलं, मी त्यांच्या जागी असतो तर थांबलो असतो. पण माझा हात चालू होता म्हणून ते येत राहिले. मग मी हात उचलला.

गाडी थांबली. मी चाकाकडे बघितलं, आणि मग पुन्हा बघायची हिंमत केली नाही.

पुढे घेताना इंजिन असं रडलं की वाटलं, गेलं. मागचं चाक जागेवर फिरलं, धूळ उडाली, आणि गाडी एक झटका देऊन रस्त्यावर आली. नाक डोंगरातून सुटलं होतं. तोंड खाली होतं.

मी धावत पुढच्या दाराशी गेलो. रंगरावांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी गळ्यातला पंचा काढला, पायाशी ठेवलेल्या बाटलीतलं सगळं पाणी त्यावर ओतलं आणि माझ्या हातात दिला. मी वर चढून दोरी ओढली, दोनदा, आणि खाली उडी मारली. गाडी गेली.

मग मी पायवाटेला लागलो. ही वाट रस्त्याची वळणं तोडून सरळ जंगलातून चढते, गुराखी वापरतात. वारा दरीकडून वर वाहत होता म्हणून लोट रस्त्याला धरून होता, एवढंच नशीब. तरी मधेच एखादा झोत यायचा आणि छातीत सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. मी पंचा तोंडाला लावून बसून राहायचो, झोत गेला की उठायचो. खोटं सांगत नाही, दोनदा मनात आलं की मागे फिरावं. कोण विचारणार होतं? बापू भेटला नाही म्हणून सांगितलं असतं. एकदा तर खरंच चार पावलं खाली उतरलो. मग रंगरावांचा गेटवरचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि स्वतःला एक कचकचीत शिवी घालून पुन्हा वर लागलो.

बापूला हाका मारत होतो, पण आवाज घशातच मरत होता. वाटेत करवंदीच्या जाळीपाशी खोकल्याचा आवाज आला. आधी एक बाई दिसली, तिचा पदर धरून दुसरी, तिच्या मागे जीपमधली बाकीची माणसं. सगळे डोळे मिटून, एकमेकांना धरून उतरत होते. सगळ्यात मागे बापू. पाठीवर एका म्हातारीला घेतलेलं, तिच्या लुगड्याचा ओला सोगा दोघांच्या तोंडावर ओढलेला. डोळे डाळिंबासारखे लाल.

"दादा?" त्यानं मला बघून विचारलं.

"खाली आहे," मी म्हणालो. "सुखरूप आहे."

आणखी काही बोलायचं त्राण कुणातच नव्हतं. मी म्हातारीला माझ्या पाठीवर घेतलं. आम्ही उतरलो.

घाटाच्या पायथ्याशी मोरीजवळ गाडी उभी होती. बाळंतीण आणि टँकरवाल्याला पेढवाडीच्या दवाखान्याच्या गाडीत घालून पाठवलं होतं. चालत निघालेले प्रवासी वाटेत गोळा करून आणले होते, ते रस्त्याच्या कडेला बसले होते. रंगराव एकटे रस्त्याच्या मधोमध उभे राहून वर बघत होते. नंतर मला तो औषधविक्या म्हणाला की ते आल्यापासून असेच उभे होते, कुणी पाणी दिलं तर घेतलं नाही, कुणी बोललं तर ऐकलं नाही.

आम्ही झाडीतून बाहेर आलो तेव्हा त्यांनी एकेकाला बघितलं. आधीच्या बायका, मग पुरुष, मग म्हातारीला घेतलेला मी. बापू शेवटी आला. रंगराव पुढे आले नाहीत.

बापू सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"दादा, तू वळलास," तो म्हणाला.

रंगरावांनी मान खाली घातली. "व्हय. वळलो. तुला वर टाकून वळलो."

बापूनं मान हलवली. त्याचा आवाज बसला होता, शब्द ओढून काढावे लागत होते. त्यानं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. वरच्या वळणावर पाण्याच्या टाकीपाशी त्यानं जीप थांबवली होती, इंजिन तापलं म्हणून पाणी घालायला. वाटेत हात पुढे करून धावणारा एक माणूस दिसला होता, तो त्याला दारुडा वाटला होता. हॉर्न त्याला ऐकू आला होता. दादा माणसं पळवली म्हणून रागावलाय असं वाटून तो हसलाही होता. समोर धुकं दिसत होतं. नेहमीसारखं लाईट लावून त्यात शिरायचं, एवढाच त्याचा विचार होता. झाकण लावता लावता सहज खाली नजर गेली. देवीचं वळण तिथून स्पष्ट दिसतं.

"बघतो तर तुजी गाडी आडवी," बापू म्हणाला. "मला आधी पटंचना. म्हटलं, दुसऱ्या कुणाची आसंल. मग नंबर बघितला. दादा गाडी वळवतोय. दादा. मग म्हटलं, वर मरान असणार. त्याबिगार ह्यो वळायचा न्हाई. तशीच माणसं खाली उतरवली, फडकी भिजवली आन पायवाट धरली."

रंगराव त्याच्याकडे बघतच राहिले.

"मी हॉर्न दिलता," शेवटी ते म्हणाले.

"हॉर्नवर कोन थांबतंय?" बापू म्हणाला. "तू म्होरं आला असतास ना दादा, तर मीबी म्होरंच गेलो असतो."

रंगराव उभे होते तिथेच, रस्त्यावर, खाली बसले. बापू त्यांच्याशेजारी बसला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी म्हातारीला झाडाखाली टेकवून आलो. बापूच्या दुसऱ्या बाजूला जागा होती, पण रंगरावांनी मान वर न करता आपल्या बाजूची माती हातानं सारखी केली, आणि मी तिथे बसलो.